वजा ०.०४

ऋतुराजने तिसऱ्यांदा तीच फाइल उघडली आणि तिसऱ्यांदा तीच चौकट पडद्यावर आली. या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे सॉफ्टवेअर चालणार नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. खाली एकच बटण होतं, बंद करण्याचं.

"बघा वहिनी, दारातच अडवतंय," तो म्हणाला.

प्रियदर्शनी शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती.

"मग?"

"मग काय. हे तुमचं विंडोज सात. ते काढणाऱ्यांनी कवाच वाऱ्यावर सोडलंय ह्याला. नवीन सॉफ्टवेअर म्हणतंय, मला दहा तरी पाहिजे. आणि दहा चढवलं की तुमच्या मशीनचं कार्ड बंद. मागच्या महिन्यात एका ठिकाणी करून बसलोय. दोन दिवस मालक माझ्या मागं चप्पल घेऊन."

ती हसली नाही. ऋतुराजनेही हसण्याची वाट पाहिली नाही. दोन वर्षांत त्याला या खोलीची सवय झाली होती.

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीची लॅब म्हणजे भट्टीच्या मागची एक बंद खोली. आत लोखंडाचे घटक मोजणारं मशीन. ओतकामाच्या वेळी घेतलेला नमुना त्यावर ठेवायचा, मशीन त्यावर ठिणगी पाडतं आणि ठिणगीच्या उजेडावरून सांगतं की कार्बन किती, सिलिकॉन किती, फॉस्फरस किती. मशीन अजून ठणठणीत होतं. पण ते ज्या कार्डामार्फत कॉम्प्युटरशी बोलायचं, ते फक्त याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसत होतं. इतकी वर्षं त्याने काही अडलं नाही. रिपोर्ट छापायचा, सही-शिक्का करायचा, मालाबरोबर पाठवायचा. आता पुण्याच्या गिऱ्हाइकाने नियम बदलला होता. ब्रेक ड्रमच्या प्रत्येक लॉटचा रिपोर्ट मशीनमधून थेट त्यांच्याकडे पोचला पाहिजे. आजपासून. त्यासाठी हे नवं सॉफ्टवेअर.

दार ढकलून तात्यासो आत आले. खोलीतल्या थंड हवेत आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे टोपी काढून गुडघ्यावर झटकली. फाउंड्री त्यांनी उभी केलेली. त्यांचा मुलगा सम्मेद लॅब बघायचा. तो वारल्यापासून सून प्रियदर्शनी बघत होती.

"हुतंय काय न्हाई रे?"

"हुतंय तात्यासो. जरा वळसा घालाय लागतोय."

"घाल की मग. ट्रक भरून उभा हाय. डायवर बाहेर दर दोन मिनिटाला घड्याळ दाखवतोय मला."

"त्याला म्हणावं, कॉम्प्युटर म्हातारा हाय."

"म्हातारा मीबी हाय. मी थांबलोय का?" तात्यासो म्हणाले आणि सुनेकडे वळले. "जेवलीस का गं?"

"हो, मामा."

ते गेले. तिने डबा उघडला नव्हता. खोटं बोलायचं म्हणून ती हो म्हणाली नव्हती. हो म्हटलं की बोलणं संपायचं, एवढंच.

ऋतुराजने फाइलच्या पोटात शिरून एक ओळ शोधली. हे सॉफ्टवेअर आत घेताना फक्त एकदा विचारतं, तू कोण, एवढंच. तो प्रश्नच काढून टाकायचा, असं त्याने तिला सांगितलं. "दारात वॉचमन हाय, आत कोणच न्हाई. एकदा आत गेलं की कोण इचारतंय." त्याने ओळ खोडली, फाइल पुन्हा उघडली. या वेळी चौकट आली नाही. निळी पट्टी हळूहळू भरत गेली, मध्येच थांबली, पुन्हा सरकली. दोघेही तिच्याकडे बघत राहिले. पट्टी संपली. मशीनवरचा हिरवा दिवा लागला.

"चढलं," ऋतुराज म्हणाला. एवढं झाल्यावर त्याचा आवाज उलट खाली आला होता.

आधी त्याने मशीनबरोबर मिळालेली प्रमाणित चकती लावली. तिच्यात काय किती आहे ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मशीन खरं बोलतंय की नाही ते कळतं. ठिणगीचा करकर आवाज झाला, आकडे आले. सगळे जुळले.

"एक नंबर. आता आजचा माल."

आजच्या लॉटचा नमुना प्रियदर्शनीने बेल्टवर घासून आणला. तो इतका तापला होता की ऋतुराजने घ्यायला हात पुढे केला आणि लगेच मागे घेऊन खिशातला रुमाल काढला. तिने तो तसाच बोटांत धरला होता.

आकडे आले. कार्बन बरोबर, सिलिकॉन बरोबर. फॉस्फरस ०.११६, लाल रंगात. गिऱ्हाइकाची मर्यादा ०.०८ होती.

"जागा बदलून बघू," ऋतुराज म्हणाला. त्याने नमुना फिरवून पुन्हा ठिणगी पाडली. ०.११५. पुन्हा लाल.

"रोज सातच्या आसपास येतो," ती म्हणाली. "शून्य पॉइंट शून्य सात. कधी सहा."

"जुन्यात करेक्शन घातलेलं असंल. थांबा, जुन्याची कॉपी काढून ठेवलीय मी."

त्याने जुनं सॉफ्टवेअर उघडलं. एका पानाला पासवर्ड होता. त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिने 'कुंभोज' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. कुंभोज सम्मेदचं आजोळ. त्याचा फोन, बँकेचं खातं, घरातला वायफाय, सगळीकडे तो हेच घालायचा.

पान उघडलं. मशीन जे मोजेल त्यातून किती वजा करायचं, किती मिळवायचं, त्याचा तो तक्ता होता. सगळ्या घटकांपुढे शून्य होतं. फॉस्फरसपुढे वजा ०.०४. ते फक्त रोजच्या मालाला लागत होतं. प्रमाणित चकतीला नाही. म्हणून तपासणीला कुणीही आलं तरी मशीन त्यांच्यासमोर खरंच बोलायचं. वजाबाकीपुढे ती कधी टाकली त्याची तारीख होती आणि टाकणाऱ्याचं नाव होतं.

"तुम्हीच टाकलंय की वहिनी," ऋतुराज म्हणाला. त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं. "मग प्रश्नच न्हाई. नव्यात तसंच टाकू?"

तारीख सम्मेद गेल्यानंतरच्या महिन्यातली होती.

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. नाव तेच होतं.

दुपार होती, एवढं तिला आठवलं. ती याच खुर्चीत बसली होती. मामा मागे उभे होते. ते म्हणाले, ते पान उघड. तिने उघडलं, कारण पासवर्ड तिलाच माहीत होता. ते म्हणाले, इथं वजा टाक, मग शून्य, मग हे. तिने टाकलं. ते म्हणाले, आता सेव्ह कर. त्या दिवसांत कुणी जेव म्हणालं की ती जेवायची, झोप म्हणालं की आडवी व्हायची. बी. एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेली बाई. एरवी तिने लगेच विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतर ते घडलं होतं हेही तिच्या डोक्यातून गेलं.

"वहिनी?"

"ऋतुराज, फॉस्फरस जास्त असला तर काय होतं, माहीत आहे?"

"मी सॉफ्टवेअरवाला माणूस."

"बीड, म्हणजे हे ओतलेलं लोखंड, ठिसूळ होतं. ड्रमला तडा जातो."

गेल्या वर्षी पुण्याहून तडे गेलेले ड्रम परत आले होते, हे सगळ्या शिरोलीला माहीत होतं. आणि भट्टीवरच्या आकारामला त्यापायी घरी बसवलं, हेही. शाहूवाडीकडचा आकाराम, तात्यासोंच्या पहिल्या भट्टीपासूनचा. मीटिंगमध्ये प्रियदर्शनीनेच रिपोर्ट टेबलावर मांडले होते. घटक सगळे मर्यादेत आहेत, म्हणजे चूक ओतण्यात आहे, असं ती म्हणाली होती. मेटल थंड झाल्यावर ओतलं असेल. आकाराम उभाच होता. वहिनी, मशीन एकदा बघा की, एवढंच तो म्हणाला होता. तिने उत्तर दिलं होतं, मशीन बरोबर आहे.

"हे असतंय बऱ्याच ठिकाणी," ऋतुराज हळू आवाजात म्हणाला. "मी नाव घेत न्हाई कुणाचं." त्याने नव्या सॉफ्टवेअरमधला तसाच तक्ता उघडला, फॉस्फरसच्या रकान्यात कर्सर नेऊन ठेवला आणि उठला. "मी जरा हात धुऊन येतो. काय ते तुम्ही बघा."

दारात त्याची आणि तात्यासोंची गाठ पडली. बाहेर ते ड्रायव्हरला सांगत होते, "थांबा की पावणं, कागद निघतोय." मग आत आले. पडद्यावरचा लाल आकडा त्यांनी दारातूनच पाहिला असावा, कारण त्यांनी या वेळी टोपी काढली नाही.

"काय म्हणतोय त्यो?"

"जुनं करेक्शन टाकायचं का, विचारतोय."

"हुतं तसं टाक."

कर्सर लुकलुकत होता. तिचा हात माऊसवर होता.

"मामा, त्या दिवशी हे मला का टाकायला लावलं?"

तात्यासोंनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत.

"तवा तू इचारलं न्हाईस."

"आता विचारते."

भट्टीकडून साखळीचा आवाज आला. क्रेन खाली येत असावी. तात्यासोंनी तिकडे मान वळवली.

"एका महिन्यापुरतं म्हणलेलो," ते म्हणाले. "चांगलं पिग, कच्चं लोखंड, मिळंना तवा. आलेलं भंगार तसलंच हुतं. सम्मेद असता तर त्यानं परत धाडलं असतं. मला ट्रक माघारी लावायचं बळ न्हवतं. म्हणलं, महिना काढू, मग नीट माल आणू, आणि हे काढून टाकू."

"मग?"

"मग कुणी काय म्हणलं न्हाई. माल पास हुत गेला."

"आकाराम काकांना काढलं तेव्हा?"

"तवा तूच म्हणलीस, मशीन बरोबर हाय."

ते तिला टोचायला म्हणाले नव्हते. तारीख सांगावी तसं सांगितलं. तिलाही टोचल्यासारखं झालं नाही. तिने फक्त मान हलवली. खरं होतं ते.

"माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"तुझ्या मागं उभा राहून मीच टाकाय लावलं, आणि मीच म्हणू काय मशीन चुकतंय?" ते थोडे चढ्या आवाजात बोलले, मग स्टुलावर बसले. "ही एक कंपनी सुटली तर भट्टी थंड हुती, प्रिया. एवढी माणसं हायेत बाहेर. टाक ते. पुढचा माल चांगला आणतो. शपथ घ्यायला लावू नगंस."

तिने रकान्याकडे पाहिलं. तिथे आत्ता शून्य होतं. वजा, शून्य, आणि ते दोन आकडे. एवढंच लागलं असतं. याआधीही एवढंच लागलं होतं. तिने कर्सर तिथून काढला, तक्ता बंद केला, रिपोर्टचं पान उघडलं. लॉटचा नंबर भरला. ड्रम ज्या साच्यातले होते त्याचा नंबर भरला. खाली 'पाठवा' असं इंग्रजीत लिहिलेलं बटण होतं. तिने ते दाबलं. खात्री आहे का, असं विचारणारी चौकट आली. तिने पुन्हा दाबलं.

सगळं मिळून चहा गाळायला लागेल तेवढाही वेळ गेला नाही.

तात्यासोंनी खिशातून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं. रिपोर्टवर पुण्याची पोच आली होती. फॉस्फरसचा आकडा अजून लालच होता. ते बराच वेळ वाकलेले राहिले. तिला वाटलं, ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं, असंही तिला वाटलं.

"आता त्यांचा फोन येईल," ते म्हणाले.

"येऊ दे."

"माल उतरवायला पाहिजे."

"हो."

पण ते उठले नाहीत. तिने जुन्या सॉफ्टवेअरचं पान बंद करायला माऊस नेला. वजा ०.०४ पुढे तिचं नाव अजून दिसत होतं. तिने ते तसंच राहू दिलं.

"आकाराम काकांचा नंबर कुणाकडे असेल?" तिने विचारलं. "हजेरीतला लागत नाही. दिवाळीत मी लावून पाहिला होता, बोनसचं कळवायला."

"त्यो बदललाय त्यानं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तात्यासोंनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. अंगठ्याने बराच वेळ वरखाली केलं. मग फोन टेबलावर ठेवला आणि बोटाने तिच्याकडे सरकवला. पडद्यावर 'आकाराम नवीन' असं होतं, आणि खाली लावलेल्या फोनांची लांब रांग.

"उचलतोय त्यो," तात्यासो म्हणाले. "मीच कट करतोय."

ते उठले. टोपी सरळ केली. दार उघडताच भट्टीची धग खोलीत शिरली आणि त्यांचा आवाज ऐकू आला. "पावणं, मागचा फाळका उघडा. खाली घ्यायचाय माल."