पाठीच्या टेकूचे कान

२००६ सालची दिवाळी सरली होती. ढाणकीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात भाव पडल्यामुळे न विकलेला कापूस घराघरांत आढ्यापर्यंत रचलेला होता आणि माणसं हळू आवाजात बोलत होती. त्यातच माझा भाचा भारत पुण्याहून आला. शर्यतीच्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपात तो कामाला होता. कार्बन फायबरच्या काळ्या कापडाचे उरलेले तुकडे त्याने आणले होते.

ते त्याच्या बहिणीसाठी होते. पोलिओमुळे पुष्पाच्या कंबरेत बळ नव्हतं. उमरखेडला तिला नोकरी लागली होती. बाजूला चाकं लावलेली स्कूटरही होती. पाठीला टेकू मिळाला तरच ती जाऊ शकणार होती.

भारतने त्या कापडाचे थर राळेत कडक करून टेकू घडवला. एका हाताने उचलावा इतका हलका.

"लोखंडाचाच लावला असता," माझा भाऊ रामलाल, भारतचा बाप, म्हणाला. "पुण्याचे नखरे!"

"बापू, तुमच्या लोखंडानं गाडी मागं उलटन."

टेकू स्कूटरला बसवायला त्याला पत्र्याचे चार कान, बोल्टासाठी भोक पाडलेल्या पट्ट्या, चिकटवायचे होते. त्या जागा भारतने पॉलिश पेपरने घासून खरबरीत केल्या, पुसल्या. "इथं कोणी बोट लावू नका. घामाचंही नाही, मग कान धरत नाहीत," असं बजावून तो वेल्डरकडे कान आणायला गेला.

परतला तेव्हा त्याच्या आईने, हंसावहिनीने, निखाऱ्यावर तूप-गूळ घालून देवाला भोग दिला होता आणि घासलेल्या चारही जागी तुपाचं बोट लावलं होतं.

"याडी, काय केलं हे!"

"पोरीच्या पाठीले लागनारी चीज हाये. कोरडी कशी देऊ?"

मी म्हटलं, "पुन्हा घास बाबा."

"तिचा भोग तिच्यासमोर खरवडू, फुफी?" तो पुटपुटला. फडक्याने पुसून त्याने कान चिकटवले, वरून कापडाच्या पट्ट्या बसवल्या. रामलालने सगळा जोर लावून टेकू ढकलून पाहिला. हलला नाही.

पुष्पा आनंदाने जाऊ-येऊ लागली. एका संध्याकाळी म्हणाली, "दादा, मागून करकर आवाज येऊन राह्यला."

"नवं हाये. बसते हळूहळू," भारत म्हणाला. पण जेवताना त्याचा घास हातातच राहिला. सकाळी उघडून पाहीन म्हणाला. सकाळी तो उठायच्या आधीच ती निघून गेली होती.

नाल्याच्या चढावर ती मागे रेलली आणि टेकूसकट रस्त्यावर पडली.

मी गेले तेव्हा भारत सुटलेले कान न्याहाळत होता. कापडाचा एक धागाही त्यांना लागला नव्हता. धुतल्या ताटासारखे स्वच्छ सुटले होते. त्याने ते खिशात घातले आणि जमलेल्यांना सांगितलं, "खड्डा होता."

पुष्पा वाचली, पण पुन्हा बसू शकली नाही. पाच वर्षं अंथरुणावर काढून गेली. भारतने पुण्याचं काम सोडलं. आता कळंबला टेम्पो चालवतो, तांड्यावर फारसा येत नाही. रामलाल मागच्या उन्हाळ्यात वारला. हंसावहिनी आहे. त्या चढावर आली की अजून ती रस्ता बांधणाऱ्याला शिव्या देते आणि मी तिच्यासोबत मान डोलावते.