बंद अंगणातले तास

त्याला मुकादम हे नाव टीमने ठेवलं होतं आणि ते आपल्या कानावर आलेलं नाही, असं तो दाखवत असे. शर्ट कायम कडक इस्त्रीचा, हातात कायम लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर कायम दुसऱ्याने केलेलं काम. त्या सोमवारी मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. थोरल्या साहेबांनी त्याची आणि शेजारची अशा दोन टीमची एक करायचं ठरवलं होतं, म्हणजे दोन प्रमुखांपैकी एकाची खुर्ची जाणार. कोणाची? ज्याच्या टीमचे कामाचे तास कमी भरतील, त्याची.

तास नोंदवायला सॉफ्टवेअर होतं. आठवड्याचे चाळीस तास भरल्याशिवाय ते शुक्रवारी कोणाला सोडत नसे. त्यामुळे भरण्याची एक रीत पडून गेली होती. प्रकल्पांच्या यादीत जे नाव सगळ्यात वर, त्यावर टिचकी मारायची, समोर चाळीस टाकायचे, चहा गार व्हायच्या आत मोकळं व्हायचं. खाली जाऊन आपला प्रकल्प शोधायची हौस कोणाला? मुकादमही सगळ्यांच्या नोंदी एका झटक्यात मंजूर करायचा. वाचत बसलं तर मंजूर कधी करणार?

यंदा त्या सॉफ्टवेअरला एआय सहायक जोडला होता. बोलल्यासारखं विचारायचं, तो लगेच तास काढून देतो. टीम त्याला जावईबापू म्हणे. वाजतगाजत आणलेला, आणि त्याला उलट बोलायची कोणाची छाती नाही.

मुकादमाने विचारलं, "माझ्या टीमने गेल्या वर्षात किती तास काम केलं?" जावईबापूंनी आकडा दिला. इतका भरघोस, की मुकादमाला स्वतःच्या टीमबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

टेस्टिंगवाल्या ताई मागून डोकावल्या. "सर, नुसता आकडा नका नेऊ. तास कशावर गेले, तेही विचारून ठेवा."

"ताई, माझी टीम कशावर काम करते हे मला ठाऊक नाही होय?"

"म्हणून तर म्हणतेय," ताई म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांचेही चाळीस तास दर शुक्रवारी यादीतल्या सगळ्यात वरच्या नावावरच जात होते.

मीटिंगमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर दोन आकडे झळकले. शेजारच्या टीमचे तास बरेच कमी होते. तिथले लोक सुट्टी घेतली की सुट्टी लिहीत. मुकादम पाय पसरून ऐसपैस बसला.

"वा," थोरले साहेब म्हणाले. "पण एवढे तास गेले कशावर? विचारा बरं तुमच्या त्या सहायकाला."

मुकादमाने विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं: 'सर्वाधिक तास: अंगण. हा प्रकल्प दोन वर्षांपूर्वी बंद झाला आहे. सर्व नोंदींना मंजुरी देणारे:' आणि खाली मुकादमाचा हसरा फोटो. 'आलेख काढू का?'

"काढ," साहेब म्हणाले.

आलेख आला. मुकादमाने पसरलेले पाय आवरून घेतले.

"हे अंगण म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"शेजाऱ्याशेजाऱ्यांची ओळख करून देणारं ॲप, सर."

"त्याचा तर ग्राहकच पळाला होता," शेजारच्या टीमचा प्रमुख म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "ग्राहक पळाला, तरी तुम्ही काम सोडलं नाहीत?"

खरं बोललं तर खुर्ची गेली, हे मुकादमाला लख्ख दिसलं. त्याने मान खाली घातली. "नाही सोडवलं, सर. पोटच्या पोरासारखं वाढवलंय."

"याला म्हणतात जिद्द!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "एवढे तास गेलेत, म्हणजे होतच आलं असणार. महिन्याभरात चालवून दाखवा. दोन्ही टीम तुमच्याकडे."

शेजारच्या प्रमुखाने लॅपटॉप मिटला. त्याच्या लोकांनी खरं लिहिलं होतं, ते त्याला भोवलं.

मुकादम टीमकडे आला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"अभिनंदन, सर," ताई म्हणाल्या. "दाखवायचं काय?"

"का? अंगण आहे ना आपल्याकडे?"

"लॉगिनचं पान आहे. तेवढं उघडत नाही."

मुकादमाने घाम पुसला आणि जावईबापूंना विचारलं, "अंगणचं किती काम उरलंय?"

'सर्व,' उत्तर आलं. त्याखाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. ताई चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागल्या, "'महिन्याभरात पूर्ण करायचं असल्यास शनिवार-रविवारही कामाचे धरावे लागतील. काम पूर्ण न झाल्यास जबाबदार व्यक्ती: मंजुरी देणारे. मंजूर...'"

ताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुकादमाने सवयीने 'मंजूर'वर टिचकी मारून टाकली होती.