टँकरची यादी

साडेचारच्या आत यादी वॉर्ड ऑफिसात पोचली नाही, तर मुकुंदवाडीमागच्या नव्या वस्तीला पुढचे पंधरा दिवस टँकर मिळणार नव्हता. चार वाजून गेले तरी अजिनाथकाकांच्या प्रिंटरमधून कागद काही बाहेर येईना.

काका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. वस्तीत पत्र्याच्या खोलीत त्यांनी वाचनालय काढलं होतं आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर पुस्तक वाचून, स्वतःच्या हातानं लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली होती. आयुष्यात अभिमान वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट त्यांच्यापाशी होती.

यादी सुकेशनीनं टाइप केली होती. बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली शेजारची पोरगी. एकशे बारा घरं, दारात किती टाक्या, सगळं नीट.

"काका, पेन ड्राइव्हात द्या. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते."

"थांब गं. प्रिंटर अडला तर काय करायचं, ते माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे."

वहीत लिहिल्याप्रमाणे काकांनी वायर काढून पुन्हा लावली. प्रिंटर बंद करून चालू केला. प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम नव्यानं टाकला. दर वेळी कॉम्प्युटरचा स्वतःचा चाचणीचा कागद पाठवला. प्रिंटरचा दिवा हिरवा, पण कागद नाही.

दारात रिकामा हंडा घेऊन वच्छलाबाई उभ्या होत्या. "भाऊ, म्हस पान्हवना तर रेडकू दावावं लागतं. ह्याला काय दावायचं?"

त्यांच्यामागं उभ्या बायका हसल्या. काकांचे कान तापले.

"काका, द्या ना आता," सुकेशनी म्हणाली.

"तुझ्या फाईलमध्येच खोट आहे," काका म्हणाले. "फॉन्ट कुठला वापरलास?"

बोलून गेले, आणि बोलताक्षणीच आत काहीतरी टोचलं. पोरीनं मुकाट्यानं फॉन्ट बदलला, यादी पुन्हा पाठवली. साडेचार वाजले. वॉर्ड ऑफिसची खिडकी बंद झाली.

"येवढी शिकलेली म्हणून तुला काम दिलं व्हतं," कुणीतरी तिला म्हणालं. काका खाली मान घालून चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही बाजूला ठेवून त्यांनी प्रिंटरची खिडकी पडद्यावर उघडली आणि पहिल्यांदाच ती नीट वाचली. प्रिंटरच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : थांबवलेला.

थांबवणारे ते स्वतःच होते. चार दिवसांपूर्वी खंडेनवमीला कॉम्प्युटर-प्रिंटरला हळदीकुंकू लावून त्यांनी पूजा केली होती. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी कामाला जुंपू नये. कुणी येऊन छापायला लागेल म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटर थांबवला होता. दसऱ्याला सोनं वाटत घरोघर फिरले आणि तो सुरू करायचं साफ विसरले. आलेलं प्रत्येक काम कॉम्प्युटरनं निमूटपणे रांगेत धरून ठेवलं होतं.

त्यांनी 'सुरू' वर टिचकी मारली. प्रिंटर कण्हला आणि कागद टाकू लागला. आधी यादी, मग चाचणीचे तीन कागद, मग नव्या फॉन्टातली यादी. दोन्ही सारख्याच नीट.

कागद चुलीत घातले असते तर कुणाला कळलंही नसतं. काकांनी कागदांची घडी करून खिशात घातली. मग उठले आणि हापशाकडं गेले.

हापसा दहा वेळा हलवावा तेव्हा कुठं तांब्याभर पाणी. रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली.

"सुकेशनीची चूक नव्हती," काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा म्हणावं लागलं. मग त्यांनी खंडेनवमीचं सगळं सांगितलं.

वच्छलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे मशिनीला इसावा दिला व्हय तुमी? लई देवभोळे! आन् आमाला कवा देता इसावा?"

रांगेत हशा पिकला. काकांना जरा हलकं वाटलं. वेंधळेपणा होता, लोक हसले, संपलं.

रांगेतली सुकेशनी मात्र हसली नाही.

"विसरलात ते ठीक आहे, काका. पण चाचणीचा कागदपण निघत नव्हता. म्हणजे खोट माझ्या फाईलमध्ये नाही, हे तुम्हाला कालच माहीत होतं ना?"

नाही म्हणता आलं असतं.

"होतं," काका म्हणाले.

हसणाऱ्या बायकांनी वळून काकांकडं पाहिलं. रांग एक पाऊल सरकली. सुकेशनीनं हंडा उचलला आणि ती पुढं झाली.