बाबांचे निवडक रुग्ण

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर हातफिरवे बाबा एका वेल्डरच्या पोटावरून हात फिरवत होते. यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं पोट ते, व्रण चांगला वीतभर लांब.

"डॉक्टरांनी नुसतं कापलं, मूळ मी उपटलं!" बाबा गरजले. "मी हात फिरवलेला एकही माणूस दगावलेला नाही. आता गोळ्या बंद, तपासण्या बंद!"

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मागे उभी असलेली वेल्डरची ताई मात्र दातओठ खात होती. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होती ती. भावाच्या यकृतात काविळीचा विषाणू ठाण मांडून बसलेला. गोळ्या सोडल्या की तो डोकं वर काढणार. आणि कॅन्सर परतला, तर तपासणीशिवाय कळणार कसं? पण भावाचा एकच हेका, "एकही दगावला नाही, ताई!"

तिथंच तर पाणी मुरत होतं. वॉर्डातले सगळे वाचत नाहीत, मग या उपटसुंभाकडचे सगळे कसे वाचतात?

ती तरातरा स्टेजवर चढली आणि माइक हिसकावला.

"काल मी रुग्णाची बहीण म्हणून तुमच्या दाराशी रांगेत उभी राहिले, बाबा. तुमच्या शिष्यानं गोड बोलून विचारलं, गाठ एकच होती का, केवढी होती, रक्तवाहिनीत शिरली होती का, उरलेलं यकृत कसं आहे. मी सगळं चांगलं सांगितलं, लगेच प्रवेश! आज तोंडाला स्कार्फ बांधून सगळं उलट सांगितलं, तर म्हणाला, घरात पाप आहे, बाबा हात लावणार नाहीत. दैवी शक्तीला गाठीचं माप कशाला लागतं हो?"

"नास्तिक बाई! खाली उतरवा हिला!"

"हेच प्रश्न आमचे सर्जन विचारतात. लहान, एकटी गाठ, रक्तवाहिनी मोकळी, बाकीचं यकृत धड, अशी माणसं ऑपरेशननंतर जास्त जगतात. हा भामटा तेवढीच वेचून घेतो आणि श्रेय लाटतो!"

गर्दीतून एका सलूनवाल्याची बायको उठली. "माझ्या नवऱ्याला दारातूनच हाकललं होतं. मरेपर्यंत विचारत होता, माझं पाप काय?"



"कसलंही पाप नव्हतं गं बाई," ताई तिच्याकडे वळून म्हणाली. "आजार उशिरा कळला, एवढंच. अरे, माणूस का जगला, का गेला, याला कारणं असतात. ती डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला पापी म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका!"

बाबा मागच्या दाराकडे सटकू लागले. वेल्डरने शर्टाची बटणं लावली.

"ताई, तपासणी कधी आहे?"

"उद्या. आणि गोळी आत्ता घे, माझ्यासमोर."