लेबल छापण्याचा व्हिडिओ

माझा आवाज पुष्कळ दुकानदार ओळखतात, तोंड एकही ओळखत नाही. छोट्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते आणि ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे दाखवणं माझं काम. स्क्रीन रेकॉर्डिंगला लावायची, बोलत बोलत एकेक बटण दाबायचं आणि झालेला व्हिडिओ कंपनीच्या चॅनेलवर चढवायचा. बिल रद्द कसं करायचं, परत आलेला माल कसा दाखवायचा, एकाच गिऱ्हाइकाचं नाव दोनदा पडलं तर काय करायचं, असले विषय. पडद्यावर नुसता बाण फिरतो आणि मागून मी बोलते. खाली लोक लिहितात, 'मॅडम फार शांतपणे समजावतात.' हे घरी वाचून दाखवलं तेव्हा दादा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. घरात माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो.

ही शांतता माझी नव्हेच, आईने घासूनपुसून काढलेली. नोकरी लागली तेव्हा माझा पहिलाच व्हिडिओ साहेबांनी परत केला. म्हणाले, हा तुम्हाला कळतो, दुकानदाराला कळायचा नाही. कुणाकडे तरी कुरकुर करायची म्हणून मी तो आईला पाठवला. आईने जन्मात दुकान चालवलं नव्हतं आणि कॉम्प्युटरवरची धूळ पुसण्यापलीकडे त्याला हात लावला नव्हता. तिने तो मोबाइलवर पूर्ण बघितला आणि फोन केला. "वरचं बटण दाबा म्हणतेस, पण वर बटणांची रांग लागलीये. त्यातलं कुठलं गं?"

तेव्हापासून तसा रिवाजच पडला. व्हिडिओ झाला की आधी आईला. तिला कळला की ती अंगठ्याची खूण पाठवायची, आणि अंगठा आल्याशिवाय मी व्हिडिओ चढवत नसे. साहेबांना याचा पत्ता नव्हता. आई परीक्षक म्हणून महाखडूस. एखादी पायरी मी गाळली की ती लगेच पकडायची, मी घाई केली की बाबांना मोठ्याने सांगायची, "मास्तरीणबाईंना आज गाडी पकडायचीये वाटतं." बाबा पेपरातून मान वर न करता हसायचे. हे ती मला फोनवर सांगायची, त्यांच्या हसण्यासकट.

त्या दिवशी सकाळी मी तिला एक लहानसा व्हिडिओ पाठवला होता. दुपार झाली तरी अंगठा नाही. मी वैतागले. मनात म्हटलं, परीक्षक डुलकी काढत असणार. पुढचा व्हिडिओ लेबल छापण्याचा होता आणि साहेबांनी त्याचा धोशा लावला होता. रेकॉर्डिंगच्या आधी मी फोन आवाज बंद करून खणात टाकते आणि कॉम्प्युटरवरची मेसेजची खिडकीही बंद करते, नाहीतर कुणाचंही काहीही पडद्यावर येतं आणि जगजाहीर होतं. त्या दिवशी अंगठ्याची वाट बघत होते म्हणून खिडकी उघडीच ठेवली.

लेबल छापणं दिसतं तेवढं सोपं नाही. कागदाचा आकार सांगावा लागतो, एका ओळीत किती लेबलं ते सांगावं लागतं, मग कडेची मोकळी जागा. तिला मार्जिन म्हणायची सोय नाही, दुकानदाराला नफा आठवतो. मी आकार सांगून संपवला, ओळी सांगितल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात दादाचा मेसेज उगवला.

'आई गेली. फोन उचल.'

मी तो वाचला. बाण तिकडे नेला, फुलीवर दाबलं, मेसेज गेला. मग म्हणाले, "आता डावीकडची मोकळी जागा बघू."

काय वाटलं असं मला नंतर विचारलं गेलं. काही वाटलं नाही. थंड पाण्यात हात बराच वेळ ठेवला की तो आपला राहत नाही, तसं झालं होतं. डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ होती, की धडा अर्धा झालाय आणि अर्धा धडा आईला पाठवता येत नाही. मी डावी बाजू सांगितली, उजवी सांगितली, आधी साध्या कागदावर एक छापून बघा म्हणाले. 'काही अडलं तर खाली लिहा' हे नेहमीचं वाक्यही म्हणाले. रेकॉर्डिंग थांबवलं आणि व्हिडिओ आईला पाठवला. खाली लिहिलं, 'बघून सांग.'

हात सवयीने चालले असं म्हणून मला सुटता येईल. पण पाठवून मी वाट बघत बसले होते. खणात फोन थरथरत होता, लाकडावर घरघर वाजत होती आणि मला ती ऐकू येत होती. खण काही मी उघडला नाही. बऱ्याच वेळाने आईच्या फोनवरून अंगठा आला. आई गेल्याचं मला माहीत होतं, अंगठा तिच्या फोनवरून आला होता, आणि यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. मी व्हिडिओ चढवला. मग खण उघडून दादाला फोन केला आणि म्हणाले, "निघते."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी बाहेर बघत राहिले. काय दिसलं ते आठवत नाही.

घरी माणसंच माणसं होती. वहिनी गळ्यात पडून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मावशी म्हणाली, "रड गं, मोकळी हो." मी मान हलवली, जणू तिने मला दुकानातून काहीतरी आणायला सांगितलंय. आईला नेईपर्यंत आणि नेल्यावरही मी चहाचे कप विसळत होते. आई जेवून नेहमीसारखी आडवी झाली आणि उठलीच नाही, एवढं मला वहिनीने सांगितलं. दादाने विचारलं, "एवढा उशीर?" मी म्हणाले, "फोन खणात होता." हे खोटं नव्हतं.

मी रजा वाढवून तिथेच राहिले. कपाट आवरलं, गाद्यांना ऊन दिलं, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. त्या अंगठ्याचा विचार कधीमधी यायचा. एवढ्या माणसांत कुणाच्या तरी पोराने फोन चिवडला असेल, अशी मी समजूत घातली आणि विषय मिटवला. सगळे म्हणायचे, हिने धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. मला खरोखरच काही होत नव्हतं, आणि आपल्याला काही होत नाहीये याचंही काही वाटत नव्हतं.

मग मावशीच्या जावयाला लेबलं छापायची हुक्की आली. त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्याने व्हिडिओ लावला, आवाज ओळखला, कौतुकाने मावशीला हाक मारली, आणि दोघांनी मिळून तो मेसेज वाचला. त्यांच्या आधी इतरांनीही वाचला होता. खाली कुणी हात जोडले होते, कुणी विचारलं होतं, 'मॅडम, तो मेसेज खरा होता का?' आणि त्याच्याच खाली एकाला गोल लेबलं कशी छापायची ते हवं होतं. मावशीने व्हिडिओ दादाला पाठवला.

मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. दादा आला, मोबाइल ओट्यावर ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. माझा आवाज ओळी मोजत होता. मेसेज आला, बाण गेला, फुली. 'आता डावीकडची मोकळी जागा बघू.' दादाने तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"लेबलचा व्हिडिओ."

"माझी थट्टा करतेस?" तो आवाज चढवत नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मी इथे एकटा होतो. डॉक्टर कागद मागतोय, तुझ्या वहिनीला चक्कर आलीये, बाबा कोपऱ्यात खुर्चीवर मोबाइल धरून बसलेत. लोक येताहेत आणि हे मोबाइल बघताहेत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी तुला फोनवर फोन करतोय. वाटत होतं, मेसेज वाचला नसेल, हिला अजून कळलंच नाही, कसं सांगू. आणि तू वाचून फुली मारलीस."

"हो."

"हो काय? काहीतरी बोल की."

मी हातातली वाटी पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"काढून टाकते व्हिडिओ," मी म्हणाले.

"काढून काय होणार? मावशीने पाहिलाय म्हणजे गावभर झालाय. आज ना उद्या कुणीतरी बाबांना सांगणारच. त्यापेक्षा मीच दाखवतो. त्यांनाही कळू दे, लाडकी लेक काय करत होती ते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं होतं, आणि ती भीती होती. आई होती तोवर या घरात माझी बाजू घेणारं माणूस होतं. आता फक्त बाबा होते, आणि ते रोज सकाळी मला विचारायचे, नीट झोपलीस ना? ती फुली बघितल्यावर ते असं विचारणार नाहीत. मग कोणत्या तोंडाने मी या घरात येणार होते?

"बाबांना नको," मी म्हणाले. "दादा, पाया पडते तुझ्या. मला हवं ते बोल. त्यांना नको दाखवूस."

"मग त्यांना खोट्यात ठेवू?"

ओट्यावर व्हिडिओ अजून चालूच होता. माझा शांत आवाज उजव्या बाजूवर आला होता. दाराशी बाबा उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"लेबलचा ना?" ते म्हणाले. "बघितलाय मी."

दादाने मोबाइल बंद केला. "कुणी दाखवला तुम्हाला?"

"हिनेच पाठवला. त्या दिवशी. तुझ्या आईच्या फोनवर आला. फोन माझ्या हातात होता, दुसरं काही धरायला सुचत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही त्या खुर्चीवर बसून…"

"पूर्ण बघितला. ती पूर्ण बघितल्याशिवाय कधी अंगठा दाबायची नाही." बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत माझ्याकडे वळले. "दादाचा मेसेज त्यात आलेला दिसला. तू तो बंद केलास तेही दिसलं. म्हटलं, आता ही सगळं सांगून संपवणार आणि बसून राहणार. अंगठा आल्याशिवाय पोरगी खुर्चीवरून उठत नाही, जेवायलासुद्धा, असं ती नेहमी म्हणायची. कुणीतरी दाबायला हवा होता. म्हटलं, दाबला की निघेल, दिवसाउजेडी पोचेल."

दादा ओट्याला टेकून जमिनीकडे बघत राहिला.

"पण खरं सांगू का," बाबा म्हणाले, "मला पुढचं ओ का ठो कळलं नाही. त्या मेसेजनंतर फार भराभरा बोलली आहेस तू. तिने पास केला नसता." त्यांनी चष्मा लावला आणि समोरची खुर्ची ओढली. "बस इथे. ते पुढचं नीट सांग. हळू."

मी बसले. "आधी साध्या कागदावर एक लेबल छापून बघायचं," मी म्हणाले.

"ते कशाला?"

याचं उत्तर मी झोपेतही देऊ शकते. कागद वाया जाऊ नये म्हणून, एवढंच. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज निघाला. टेबलावर डोकं ठेवून मी रडायला लागले, आणि ते इतकं मोठ्याने की थोड्याच वेळात शेजारच्या काकू दार वाजवायला लागल्या. बाबांचा हात माझ्या डोक्यावर होता. दादा दाराकडे गेला. त्याने दार अर्धवट उघडलेलं मला ऐकू आलं.

"काही नाही काकू," तो म्हणाला. "आई गेल्याचं हिला आत्ता कळलंय."