माझा आवाज बंद करू नका

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. केनवडला उज्ज्वलाबाईंच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी माझी जागा. कोणी मोबाइलवरून पैसे पाठवले की आकडा मी ठणकावून सांगतो. हळू बोलणं मला जमत नाही, आणि त्याची मला लाजही नाही. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता हळदीच्या बोटांनी पिवळा पडलो आहे.

आमच्याकडे एक रीत होती. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची पोरं पुण्याकडे कामाला जातात. घरी राहिलेल्या आयांकडे मोबाइल नाही, बँक लांब. म्हणून पोरं दुकानाच्या खात्यावर पैसे पाठवायची आणि बाई ते रोख आयांच्या हातात द्यायच्या, एक रुपयाही न कापता. पायरीवर बसलेली रुखमाबाई लेकाचा ठरलेला आकडा माझ्या तोंडून ऐकताच उठायची. "आला माह्या सेवालालचा पैसा!" तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

मग कर कार्यालयाची नोटीस आली. खात्यात एवढी विक्री दिसते, कर का भरला नाही? विक्री कसली? त्यातला मोठा हिस्सा तांड्याचा होता. पण सगळे पैसे एकाच खात्यात घेतल्यावर साहेबांना ते कळणार कसं?

बाई सल्ला घ्यायला रिसोडला गेल्या. मागे दुकानात त्यांचा दीर हरीओम होता. "हा डबा वरडते म्हणून सरकारले समजते," असं म्हणत त्याने माझा आवाज बंद केला आणि मला पोत्यामागे टाकलं. अहो, मी गप्प बसलो म्हणून खात्यातली नोंद थांबते का? सेवालालचे पैसे सकाळीच आले होते. त्याची आई मात्र दिवसभर पायरीवर बसली आणि रिकाम्या हाताने परतली. माझा नुसता संताप झाला.

परत आल्यावर बाईंनी मला बाहेर काढलं. "भाऊजी, याले कायले कोंडलं? आपण का चोरी केली?"

दुसऱ्या दिवशी त्या तांड्यावरच्या बायांना जीपमध्ये घेऊन वाशीमच्या कर कार्यालयात गेल्या. आल्यावर रुखमाबाईनेच सगळं रंगवून सांगितलं. साहेबांना ती म्हणाली, "हे आमच्या लेकरायचे पैसे हायेत, सायेब. बाईच्या कमाईत कायले धरता?"

साहेबांनी पाठवणाऱ्यांची नावं पडताळली, तांड्याचे पैसे वगळले, आणि खातं वेगळं ठेवायला बजावलं.

"माह्या कमाईवरचा कर भरतो ना," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घामावरचा नाही भरणार."

आता दुकानाला नवं खातं आहे आणि नवा गोरापान डबा. जुनं खातं आणि मी फक्त तांड्याचे.

मित्रांनो, आपली कमाई आपली म्हणून सांगा, दुसऱ्याची दुसऱ्याची म्हणून सांगा. पण भीतीपोटी कुणाचं तोंड दाबू नका. त्या आवाजाची वाट पाहत पायरीवर कोणाची तरी आई बसलेली असते.