खलात राहिलेलं औषध

काउंटरवर मला पाहून काही जणांना मी शोभेची वाटी वाटतो. मित्रांनो, मी शोभेचा नाही. मी औषध घोटायचा चिनी मातीचा खल आहे. जाडजूड, पांढरा, आतून जरा खरखरीत. टास्मानियातल्या बर्नी गावी मेरिनबाईंच्या औषधांच्या दुकानात माझी नोकरी अजून चालू आहे.

भट्टीतून निघालो आणि मेरिनबाईंच्या वडिलांनी मला इथे आणलं. त्या काळी मलम, चूर्ण, खोकल्याचं औषध, सगळं दुकानातच बनायचं आणि माझी ऐट होती. मग तयार गोळ्यांचे डबे आले. मला फळीवर चढवलं आणि माझ्यात रबरबँड टाकू लागले. फार वाईट वाटायचं. पण सगळी माणसं काही एका मापाची नसतात. कुणाला गोळीतला रंग सोसत नाही, कुणाला गोळी गिळवत नाही, आणि एका मांजरीला तर माशाचा वास आल्याशिवाय औषध चालत नाही. डॉक्टर अशांसाठी दुकानातच बनवायचं वेगळं औषध लिहून देऊ लागले, तेव्हा बाईंनी मला धुऊनपुसून खाली घेतलं.

ऑटिस नावाच्या बाळाचं औषधही माझ्यातच बनतं. मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा तो चार महिन्यांचा होता, हृदय जन्मापासून अशक्त. त्याच्या औषधाच्या गोळ्या मिळतात त्या मोठ्या माणसांच्या. बाई त्या मोजून घेतात, घोटतात, पाकात कालवून बाटलीत ओततात. मग मला तीनदा थोड्या पाकाने खळबळून तोही बाटलीत घालायचा आणि त्यानंतरच बाटली तिच्यावरच्या खुणेपर्यंत भरायची. नाहीतर माझ्या कडांना चिकटलेलं औषध बाळाला मिळतच नाही.

त्या शुक्रवारी फ्लूच्या लशीसाठी दारापर्यंत रांग होती. त्यात थेल्मा आजींच्या तोंडाचा पट्टा चालू.

"अगं मेरिन, माझा नंबर लागेपर्यंत हिवाळा सरेल!"

"आले, आले! तुम्ही बाही वर करून बसा."

बाईंनी घाईघाईत बाटली पाकाने खुणेपर्यंत भरली, चिठ्ठी डकवली आणि ऑटिसच्या वडिलांच्या, डार्सीच्या हातात दिली. मला खळबळायचं राहूनच गेलं. मला ओरडता येत नव्हतं. बाटली भरलेली, चिठ्ठी बरोबर. कुणाला काय कळणार?

थोड्या वेळाने त्यांनी मला नळाखाली धरलं. खिडकीच्या उजेडात आतला पांढरा थर त्यांना दिसला आणि नळावरचा हात थांबला. नळ सोडला असता की सगळं वाहून गेलं असतं.

बाई मला तसाच घेऊन बाहेर आल्या. "माझ्याकडून चूक झालीय. ऑटिसच्या बाटलीत औषध कमी पडलंय. सहा वाजता त्याला द्यायचंय, आणि डार्सी फोन उचलत नाहीये."

थेल्मा आजींनी पर्स उचलली. "तो पोरगा बेकरीतलं पॅटिस खाल्ल्याशिवाय गाव सोडायचा नाही. आणते कान धरून. माझा नंबर सांभाळा!"

डार्सी आला तो घास तोंडात घेऊनच. बाईंनी मला त्याच्यापुढे ठेवलं. "हे आत चिकटलंय ना, ते ऑटिसचं आहे. मी विसरले. ती बाटली दे, सगळं नव्याने बनवते."

डार्सीचा चेहरा उतरला. "पोरगं आधीच कसंबसं दूध पितंय, बाई!" त्याचा आवाज चढला. "चाळीस वर्षं करताय ना हे काम?"

"हो. म्हणून तर जास्त लाज वाटतेय."

त्याने माझ्यात वाकून पाहिलं. "हे धुऊन टाकलं असतंत, तर मला कधी कळलंही नसतं."

"नसतंच कळलं."

मग नव्या गोळ्या मोजल्या गेल्या. बाईंनी मला खळबळलं, मोठ्याने मोजत, तीनदा. डार्सी काउंटरला टेकून सगळं पाहत होता. बाटली देताना बाईंनी हळूच विचारलं, "पुढच्या महिन्यासाठी दुसरं दुकान सांगू का?"

"नको. चुकलं तर परत बोलावणारं दुकान सोडून कुठं जाऊ?"

मित्रांनो, परवा ऑटिस स्वतः आला होता, डार्सीच्या कडेवर बसून. गाल चांगले भरलेत. त्याने माझा बत्ता असा काही पकडला, की सोडवायला तिघं लागली आणि मग मला पुन्हा धुवावं लागलं.

तुमच्या हातूनही कधी काहीतरी राहून जाईल आणि ते फक्त तुम्हालाच दिसेल. तेव्हा नळ सोडू नका. बाहेर या आणि सांगा. लाज वाटेल, रागावतीलही कुणी. पण बाळाचं औषध बाळाला मिळेल.